दिवसा पश्चिम काठ, रात्री पूर्व काठ : शिवसागर जलाशयाभोवतीच्या रानवाटा आणि तंबूचे मुक्काम

कोयना धरणाच्या पाण्याला शिवसागर म्हणतात. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहते. कोयनानगरला १०३ मीटर उंचीच्या धरणाने तिला अडवलं आणि मागे जवळजवळ ५० किलोमीटर लांबीचं पाणी पसरलं. या पाण्याला दोन काठ आहेत आणि दोघांचे स्वभाव पूर्ण वेगळे आहेत. पूर्वेकडे बामणोली, शेंबडी, मुनावळे, तापोळा अशी नांदती गावं, भाताची खाचरं, हॉटेलं, तंबू. पश्चिमेला वासोटा किल्ल्याच्या आसपास उठून गेलेली गावं आणि निबिड रान. हे रान म्हणजे १९८५ साली जाहीर झालेलं कोयना अभयारण्य. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

सहलीची सगळी आखणी या एका गोष्टीवर ठरते. वासोट्याच्या रानात पश्चिम काठावर दिवसाच चालायचं, आणि झोपायला पूर्व काठावर परत यायचं. अभयारण्याच्या आत रात्रीच्या मुक्कामाला परवानगी नाही. किल्ल्यावर नाही, नागेश्वरच्या गुहेत नाही, पायथ्याच्या मेट इंदवलीच्या मोकळ्या जागेतही नाही. जुन्या ट्रेकवर्णनांमधून ‘गडावरच्या महादेव मंदिरात दोन-तीन जण झोपू शकतात’ असं वाचायला मिळतं. ते दिवस गेले, आणि ते गेले याचा मला आनंद आहे. रात्र जंगलातल्या प्राण्यांची असते, ती त्यांना द्यायलाच हवी.

कधी जायचं

अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असतं, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. उघडण्याची नेमकी तारीख दरवर्षी वन विभाग ठरवतो, त्यामुळे ऑक्टोबरात जायचं असेल तर आधी बामणोलीला फोन करून खात्री करून घ्या.

बरेच जण विचारतात, कासची फुलं आणि वासोटा एकाच फेरीत होईल का? नाही होणार. कासच्या फुलांचा खरा बहर ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरभर असतो, आणि त्या वेळी वासोटा बंद असतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेलात तर पठारावर उरलीसुरली फुलं दिसतील, बहर नाही. दोन्हींसाठी स्वतंत्र फेऱ्या करा.

माझ्या मते सर्वांत चांगला काळ नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर. ओढ्यांना अजून पाणी असतं, जळवा बऱ्याचशा गेलेल्या असतात, हवा स्वच्छ असल्याने कड्यावरून कोकण लांबवर दिसतं, आणि धरण भरलेलं असतं.

धरण भरलेलं असणं इथे फार महत्त्वाचं आहे. कोयनेचं पाणी सिंचनासाठी पूर्वेला सोडतात, पण त्याहून कितीतरी जास्त पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवून वीज तयार करतात, आणि ते पुढे कोकणातल्या वाशिष्ठी नदीला मिळतं. त्यामुळे दिवाळीनंतर जलाशयाची पातळी उतरायला लागते, ती पाऊस पडेपर्यंत उतरतच राहते. नोव्हेंबरात लाँच तुम्हाला झाडीच्या अगदी कडेला सोडते. एप्रिल-मेमध्ये तीच लाँच बरीच अलीकडे थांबते, आणि पुढे भेगाळलेल्या गाळावरून, भर उन्हात, सावलीचा कण नसलेली चाल करून मग जंगल सुरू होतं. संध्याकाळी दमून परतताना ही चाल जास्त जाणवते. उन्हाळ्यातच जायचं असेल तर पहिल्या लाँचने जा आणि पाणी दुप्पट घ्या.

शनिवार-रविवार, नाताळ आणि २६ जानेवारीच्या सुट्ट्या टाळता आल्या तर टाळा. त्या दिवसांत बामणोलीच्या धक्क्यावर तासतासभर ताटकळावं लागतं, आणि वासोट्यासारख्या ठिकाणी सकाळचा एक तास गेला की अख्खं वेळापत्रक कोसळतं.

बामणोलीपर्यंत

पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कास पठार, कास तलाव आणि मग खाली उतरत बामणोली, हे अंतर ३५ ते ४० किलोमीटर. रस्ता वळणांचा आहे आणि पहाटे पठारावर धुकं असतं, त्यामुळे साताऱ्याहून सव्वा ते दीड तास धरा. पेट्रोल साताऱ्यातच भरा. रोख पैसेही साताऱ्यातच काढा, कारण खोऱ्यात मोबाइलची रेंज लहरी असते आणि ऐन वेळी मोबाइलवरून पैसे जाईनात असं होतं.

साताऱ्याच्या बसस्थानकावरून बामणोलीची एसटी सुटते, पण फेऱ्या मोजक्या आहेत. एसटीने येणाऱ्यांनी आदल्या दिवशी दुपारपर्यंत बामणोलीत पोहोचून मुक्काम करावा. खरं तर गाडीने येणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. पुण्याहून पहाटे तीनला निघून, रात्रभर न झोपलेल्या डोळ्यांनी घाट चढून, त्याच दिवशी किल्ला करून परत पुण्याला गाडी हाकणारे पुष्कळ आहेत. पायांना ते झेपतंही, पण परतीच्या घाटात चाकामागे बसलेल्याचे डोळे मिटायला लागतात. शुक्रवारी रात्री बामणोली परिसरात झोपा, शनिवारी किल्ला करा, शनिवारी रात्री पुन्हा काठावर तंबूत राहा आणि रविवारी आरामात घरी या.

परवानगी आणि लाँच

बामणोलीत दोन कामं असतात: वन विभागाचा परवाना आणि बोट क्लबची लाँच. परवान्यासाठी गटातल्या प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. आधार कार्डाच्या झेरॉक्स घरूनच काढून न्या आणि नावं, वय, फोन नंबर यांची यादी एका कागदावर लिहून ठेवा. खिडकीपाशी उभं राहून बारा जणांची माहिती गोळा करण्यात अर्धा तास सहज जातो. शुल्क माणशी वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं, गाडी उभी करण्याचं वेगळं, असं ते असतं आणि वेळोवेळी बदलतं.

लाँचचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. एका बोटीत साधारण दहा-बारा जण बसतात. तुम्ही चौघेच असाल तर धक्क्यावर अजून एखादा छोटा गट शोधा आणि भाडं वाटून घ्या. तिथे हे रोजचं आहे, कुणाला विचारताना संकोच नको. फक्त ज्यांच्याबरोबर बोट वाटून घ्याल त्यांच्याशी परतीची वेळ आधी पक्की करा, कारण लाँच तुमच्यासाठी दिवसभर पलीकडे थांबते आणि सगळे आल्याशिवाय सुटत नाही. पाच जण चारला खाली आले आणि उरलेले पाच कड्यावर फोटो काढत बसले, की धक्क्यावर भांडण ठरलेलं. लाइफ जॅकेट अंगात घाला, पायाखाली ठेवू नका. पाणी शांत दिसलं तरी खाली खोल दरी आहे.

बामणोलीहून मेट इंदवलीपर्यंत जायला एक ते दीड तास लागतो. मुनावळे आणि शेंबडीहूनही बोटी मिळतात, आणि मुनावळ्याहून पाण्यातलं अंतर कमी पडतं. तापोळ्याहूनही जाता येतं, पण ते फार लांब पडतं. महाबळेश्वरला मुक्काम असेल तरच त्याचा विचार करा.

वेळेचं गणित असं ठेवा. साडेसातला परवान्याच्या खिडकीपाशी, आठ-सव्वाआठला लाँचमध्ये, साडेनऊपर्यंत पलीकडच्या काठावर, दहाच्या आत चढायला सुरुवात, बाराला माथा. दोनला काहीही झालं तरी उतरायला लागायचं. चारपर्यंत खाली, आणि उजेड असताना बामणोलीत परत. उतरणीची वेळ वनरक्षक सकाळीच सांगतात, ती पाळायची. डिसेंबरात सहाला अंधार पडायला लागतो आणि दाट झाडीखाली तो त्याच्याही आधी पडतो.

मेट इंदवलीहून वासोट्यावर

काठावर उतरलं की वन विभागाच्या चौकीवर पिशव्या तपासल्या जातात. प्लास्टिकच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटं, सगळं मोजून नोंदवतात आणि अनामत रक्कम घेतात. परत येताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत. या पद्धतीमुळे वासोट्याची वाट आज महाराष्ट्रातल्या कित्येक किल्ल्यांच्या वाटांपेक्षा स्वच्छ आहे. तपासणीला वेळ लागू नये यासाठी सोपा उपाय: प्लास्टिक नेऊच नका. स्टीलची किंवा जाड, पुन्हा वापरायची बाटली, आणि डब्यात पोळीभाजी, धपाटे, गूळ-शेंगदाणे. सिगारेट, काडेपेटी, दारू यांना आत थारा नाही.

हे मेट इंदवली म्हणजे एके काळी नांदतं गाव होतं. आज तिथे घरांच्या जोत्यांचे दगड आणि वाढलेलं रान एवढंच उरलंय. कोयना खोऱ्यातली माणसं धरणासाठी आणि पुढे अभयारण्यासाठी उठली, लांबलांबच्या जिल्ह्यांत गेली, आणि धरणग्रस्तांचे प्रश्न अजून पुरते सुटलेले नाहीत. ज्या पाण्यावरून आपण हौसेने जातो त्याखाली कुणाची तरी शेतं आहेत. चढायच्या आधी दोन मिनिटं त्या जोत्यांपाशी थांबा.

वाट सुरुवातीला सपाट आहे. थोड्याच वेळात ओढा लागतो आणि तिथे मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत. बाटल्या इथे भरून घ्या. पुढे चढ सुरू झाला की पाण्याचा भरवसा नाही, आणि उन्हाळ्यात हा ओढाही आटतो. माणशी तीन लिटर पाणी हे कमीत कमी.

चढ किती? धरण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते आणि वासोट्याचा माथा ११७० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे साधारण ५०० मीटर चढायचं. सवय असलेल्याला दीड तास, नसलेल्याला दोन ते अडीच. वाट मळलेली आहे, दोर लागत नाही, कड्यावर चढाई नाही. जवळजवळ सगळा चढ दाट झाडीतून असल्याने दुपारीही ऊन लागत नाही. अंजनी, जांभूळ, हिरडा यांची दाटी आणि मधे कारवीचे पट्टे. वर पाहत चाललात तर शेकरू दिसण्याची शक्यता चांगली आहे. आधी फांदीवरून काहीतरी धपकन पडल्यासारखा आवाज येतो, मग तांबूस लांब शेपटी दिसते. त्यासाठी गटाने गप्प राहायला हवं. मोबाइलवर गाणी लावून चढणाऱ्यांना शेकरू काय, साधा पक्षीही दिसत नाही, आणि मागून येणाऱ्यांचंही रान हिरावलं जातं.

माथ्याच्या अलीकडे वाट फुटते. एक वासोट्यावर चढते, दुसरी धारेने नागेश्वरकडे जाते. ज्यांना फक्त वासोटा करायचाय त्यांनी गटातल्या शेवटच्या माणसाची इथे वाट पाहावी.

शेवटच्या टप्प्यात झाडी विरळ होते आणि दगडी पायऱ्या लागतात. पहिला दरवाजा ढासळलेला आहे, दुसऱ्यातून गडावर पोचतो. समोरच छप्पर नसलेलं मारुतीचं मंदिर. इथून तीन वाटा निघतात. सरळ गेलं की वाड्यांचे पडके अवशेष. उजवीकडे महादेवाचं मंदिर आणि पुढे माची. त्या माचीला काळकाईचं ठाणं म्हणतात. तिथून चकदेवचा डोंगर, रसाळ-सुमार-महिपत ही किल्ल्यांची तिकडी आणि मागे शिवसागराची निळी बोटं दिसतात. डावीकडची वाट जोड टाक्यांवरून बाबुकड्यावर नेते.

वेळ कमी असेल तर आधी बाबुकडा. इंग्रजी ‘यू’ आकाराचा हा अजस्र कडा हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्याची आठवण करून देतो, आणि समोर उभा असतो जुना वासोटा हा शेजारचा डोंगर. कठडा नाही. कडेच्या वाळलेल्या गवताखाली मुरूम सुटा असतो आणि बुटाखालून सरकतो, म्हणून कड्यापासून दोन माणसांएवढं अंतर ठेवा आणि खाली पाहायचंच असेल तर पोटावर आडवं होऊन पाहा. पाठीवरची सॅक आधी काढून ठेवा. मुलं बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नका. जुन्या वासोट्यावर जायचा मोह कुणी दाखवला तर स्पष्ट नाही म्हणा. वाट मोडलेली, पाणी नाही आणि जनावरांचा वावर भरपूर.

या कड्याच्या तोंडावर बसून किल्ल्याचा इतिहास आठवला की जागा वेगळी दिसते. शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये किल्ला घेतला, आणि राजापूरच्या वखारीतल्या काही इंग्रजांना इथे कैदेत ठेवलं होतं. पेशवाईच्या उत्तरकाळात पंतप्रतिनिधींच्या पक्षाच्या ताई तेलिणीने हा किल्ला धरून पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याशी काही महिने झुंज दिली. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून इथे मारा केला. एवढ्या रानातून तोफा त्या टोकावर कशा नेल्या असतील, हे बाबुकड्यावरून समोर पाहिल्यावरच कळतं.

नागेश्वर

नागेश्वर म्हणजे कड्याच्या पोटातली गुहा, आत शिवलिंग आणि वरून ठिबकणारं पाणी. वासोट्याकडून धारेने अडीच-तीन तास लागतात. वाटेवर कोकणाकडची बाजू तुटलेली आहे आणि ऊन आहे. वासोटा आणि नागेश्वर एकाच दिवसात करून संध्याकाळी लाँच गाठणं चांगल्या दमाच्या, छोट्या गटालाच जमतं, आणि त्यासाठीही वन विभागाने सकाळीच होकार द्यायला हवा. मला विचाराल तर नागेश्वरसाठी वेगळा दिवस ठेवा, किंवा कोकणातून, खेड तालुक्यातल्या चोरवण्याहून चढा. चोरवण्याची वाट उभी आहे, साधारण तीन तासांची, पण सरळ गुहेपाशी आणते आणि त्याच दिवशी गावात परतता येतं. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते. शांतता हवी असेल तर तो आठवडा सोडून जा.

तंबू कुठे ठोकायचा

बामणोली, शेंबडी, मुनावळे, तापोळा या पट्ट्यात शेतकऱ्यांनी आपल्या जागेत तंबूची सोय केलेली आहे. तंबू, गादी, जेवण, चहा-नाश्ता असं सगळं मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असणाऱ्यांनी तेच करावं. ठरवताना तीन गोष्टी विचारा: शौचालय तंबूपासून किती लांब आहे, रात्री मोठ्याने गाणी वाजतात का, आणि पहाटे पाचला चहा मिळेल का. या उत्तरांवरून ठिकाण कसं आहे ते कळतं.

स्वतःचा तंबू असेल तर जागा निवडणं हे खरं कसब. पाण्याला लागून तंबू ठोकावासा वाटतो, फोटोही तिथलाच चांगला येतो. पण रात्री डोंगरावरची थंड हवा उतरून पाण्याच्या पातळीला साचते, आणि सकाळी तंबूच्या आतून बाहेरून पाणी निथळतं. शिवाय पाणी ओसरलेल्या पट्ट्यातली जमीन म्हणजे गाळ. वरून कोरडी कडक दिसते, खाली ओल धरून असते, आणि तंबूचे खुंटे त्यात टिकत नाहीत. काठापासून दोन-तीन टप्पे वरचं, भात काढून झालेलं खाचर ही सर्वांत चांगली जागा. सपाट असतं, बांध वारा अडवतो, पाणीही दिसतं.

फक्त मालकाला विचारल्याशिवाय खाचरात पाऊल टाकायचं नाही. “काका, आज रात्री इथे दोन तंबू लावू का? सकाळी जागा साफ करून जाऊ,” एवढं विचारलं की सहसा नाही म्हणत नाहीत, उलट भाकरी-पिठलं करून देऊ का असं विचारतात. जेवण त्यांच्याकडेच घ्या आणि जागेचे पैसेही द्या.

खाचरात एक अडचण असते ती धसकटांची. कापणीनंतर उरलेले भाताचे खुंट बोटभर उंच आणि तिरके कापलेले असतात, आणि तंबूचा पातळ तळ त्यांनी एका रात्रीत चाळणी होतो. आधी बुटाने ती आडवी करा, मग जाड ताडपत्री दुहेरी अंथरा, आणि त्यावर तंबू. ताडपत्रीची कड तंबूच्या बाहेर येऊ देऊ नका, नाहीतर छतावरून ओघळलेलं दव तिच्यावरून थेट आत येतं. तंबूचं तोंड पूर्वेला ठेवलं की सकाळचं ऊन आत येतं आणि कापड लवकर सुकतं. दोन्ही बाजूंच्या झडपा थोड्या उघड्या ठेवा. थंडी आहे म्हणून सगळं बंद केलं की श्वासाचीच वाफ आतून ठिबकायला लागते.

डिसेंबर-जानेवारीत थंडी कडाक्याची असते. स्लीपिंग बॅग नसेल तर अंगावर दोन चादरी घेण्यापेक्षा अंगाखाली एक जाड सतरंजी किंवा चटई वाढवा, कारण थंडी खालूनच जास्त लागते. कानटोपी आणि झोपण्यासाठी वेगळे कोरडे मोजे.

शेकोटीचा सगळ्यांनाच मोह असतो. नोव्हेंबरनंतर या डोंगरांवरचं गवत पेटायला एक ठिणगी पुरते आणि वणवा लागला की रात्रीत उतारच्या उतार जळतात. शेकोटी करायचीच तर मालकाच्या अंगणात, त्याच्या परवानगीने, विकत घेतलेल्या लाकडांवर आणि पाण्याची बादली शेजारी ठेवून. अभयारण्याच्या हद्दीत आग लावणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर करा. खिचडीला दुसरं काही लागत नाही.

शौचालय नसेल तर पाण्यापासून आणि वाटेपासून निदान ६० मीटर लांब, वीतभर खड्डा करून, नंतर मातीने बुजवा. हे पाणी गावं पितात. साबण-शाम्पूही पाण्यात उतरून लावू नका.

आणि पोहायला उतरू नका. काठ सरळ दिसतो पण पाऊलभर पुढे एकदम तुटतो, खाली बुडालेली झाडं आणि चिकट गाळ असतो. चांगल्या पोहणाऱ्याचाही पाय त्यात अडकतो.

जळवा, जनावरं, दुखापत

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुरुवातीला ओलसर सावलीत जळवा असतात. पँट मोज्यांत खोचा, आणि मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा. चिकटलीच तर ओढू नका. चिमूटभर मीठ किंवा हळद टाकली की सुटते. जखमेतून थोडा वेळ रक्त वाहत राहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारा स्राव सोडते. घाबरायचं कारण नाही, स्वच्छ फडक्याने दाबून ठेवा.

रानात गवे, अस्वलं, बिबटे, सांबर आहेत. गटाच्या चाहुलीने ते बाजूला होतात. गवा वाटेत दिसला तर जागीच थांबा, त्याला जायला वाट द्या, फोटोसाठी पुढे सरकू नका. अस्वल जास्त बेभरवशाचं. म्हणून एकेकट्याने मागे रेंगाळायचं नाही, आणि वळणावर हलक्या आवाजात बोलत चालायचं.

पण वासोट्यावर खरा त्रास होतो तो मुरगळलेल्या घोट्याचा आणि गुडघ्याचा, तोही उतरताना. वाट पालापाचोळ्याने झाकलेली असते आणि खाली गोटे असतात. पलीकडे पाय मुरगळला तर खाली उतरवणं, मग तासाभराची लाँच, मग सव्वा तासाचा घाट, म्हणजे साताऱ्यातल्या जिल्हा रुग्णालयात पोचायला चार तास धरा. म्हणून बूट घोट्यापर्यंतचे आणि आधी वापरलेले हवेत. क्रेप बँडेज, वेदनाशामक मलम, ओआरएसची पाकिटं, प्रत्येकाकडे शिट्टी, आणि उतरताना हातात काठी.

अजून दोन दिवस असतील तर

वासोट्याला गर्दी असते, पण याच जलाशयाभोवती निवांत वाटा आहेत. तापोळ्याला कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचं पाणी एकत्र येतं. तिथून लाँचने किंवा गाड्या वाहून नेणाऱ्या तराफ्याने पलीकडे उतरलं की कांदाटी खोरं सुरू होतं. शिंदी गाव तळ धरून महिमंडणगड आणि चकदेव हे दोन्ही होतात. चकदेवला वर वस्ती आहे, जुनं शिवमंदिर आहे, आणि गावकऱ्यांना विचारून देवळाच्या आसऱ्याला राहता येतं. कोकणातल्या आंबिवलीकडून शिड्यांची एक वाट चकदेवला चढते. उंचीची भीती नसणाऱ्यांनीच ती घ्यावी. शेजारचा पर्वत हा डोंगर, त्यावरचं जोम मल्लिकार्जुनाचं मंदिर आणि तिथून दिसणारं खोरं, हेही एक पूर्ण दिवस देण्याच्या लायकीचं आहे. खाण्यापिण्याची दुकानं जवळपास नाहीत, शिधा तापोळ्यातूनच भरून घ्या.

दक्षिण टोकाला कोयनानगर. इथून नवजाजवळचा ओझर्डे धबधबा पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर पाहण्यासारखा. नवजाहूनच जंगली जयगड किल्ल्याची वाट जाते. ती दाट रानातली आहे, वन विभागाची परवानगी आणि वाटाड्या दोन्ही घेतल्याशिवाय जाऊ नका. टोकावरून खाली कोळकेवाडी धरणाचं पाणी दिसतं. शिवसागरातून बोगद्याने उतरलेलं पाणी कुठे जातं ते इथे डोळ्यांनी पाहता येतं.

निघताना ताडपत्री, तंबू सगळं बांधून झालं की खाचरात एक चक्कर मारा आणि खुंटे मोजा. मातीत राहिलेला लोखंडी खुंटा पुढच्या पावसात चिखलणी करताना बैलाच्या किंवा माणसाच्या पायात जातो. रविवारी दुपारी कासच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. अकराच्या आत बामणोली सोडलीत तर जेवायला साताऱ्यात पोचाल.